डेस्कटॉप ठेवू की काढू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कॉम्प्युटरबद्दल काय अडतंय ते लिहून पाठवा म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांत फिरून फिरून तीच गोष्ट, टेबलावरचा कॉम्प्युटर ठेवायचा की आता लॅपटॉप, टॅब, मोबाईलवरच भागवायचं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न (एक वडील, डिचोली): मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेलीय. घरात कॉम्प्युटर नाही, दोन मोबाईल आहेत. दुकानात गेलो तर डेस्कटॉप ठेवलेलाच नाही, समोर सगळे लॅपटॉप. नातेवाईक म्हणतात डेस्कटॉपचा जमाना गेला. खरंच गेला का? मुलीला काय घेऊन देऊ?

उत्तर: भाऊ, नातेवाईक म्हणतात त्यात तथ्य आहे पण अर्धंच. घरांतून डेस्कटॉप गेला हे खरंय, कामाच्या जागेवरून मात्र गेलेला नाही, बँकेत जा, प्रेसमध्ये जा, सीएच्या ऑफिसात जा, तिथे तो बसलेलाच आहे. हे असं का झालं ते कळलं की मुलीचा प्रश्न बराचसा सुटतो म्हणून जरा मागून सांगते.

आयबीएमचा पीसी १९८१ ला आला. त्याच वर्षी ऑस्बोर्न १ नावाचा उचलून न्यायचा कॉम्प्युटरपण आला होता, म्हणजे ही हौस काही आजची नाही, पण त्याचं वजन ११ किलो, स्क्रीन ५ इंचांची आणि प्लगला लावल्याशिवाय चालायचा नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं लॅपटॉप म्हणजे जास्त पैसे मोजून कमी ताकदीचं मशीन घ्यायचं असंच होतं, मोठ्या साहेबांकडेच दिसायचा. मग सपाट स्क्रीन स्वस्त झाल्या, कमी वीज खाणारे प्रोसेसर निघाले, २००३ ला इंटेलचं सेन्ट्रिनो आलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आतूनच मिळायला लागलं, आणि २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात पहिल्यांदाच डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त खपले. २०१० ला आयपॅड आला. २०११ ला जगात ३६ कोटींच्या वर पीसी विकले गेले आणि तिथून काही वर्षं आकडा उतरतच गेला, कारण मेल, फोटो, बँक, तिकिटं हे सगळं लोकांनी फोनवर नेलं. लोक वेबसाईट कशावरून बघतात ते मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीच्या मोजणीत भारतात वेब बघायला मोबाईल २०१२ लाच डेस्कटॉपच्या पुढे गेला, जगभराचा आकडा उलटायला, तोही मोबाईल आणि टॅब मिळून, ऑक्टोबर २०१६ उजाडला, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात जिओ आल्यामुळे आपल्याकडे डेटा स्वस्त झाला, मग तर विचारूच नका.

आपल्या गोव्यात हा बदल एकाच सरकारी योजनेत बघायला मिळतो. पर्रीकर मुख्यमंत्री असताना २००२ च्या सुमारास सायबरएज योजना आली, अकरावीच्या मुलांना घरी कॉम्प्युटर मिळायला लागला, मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड सगळं आलं, आणि कित्येक घरांत तो पहिला कॉम्प्युटर होता. पुढे याच योजनेत डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप आले आणि २०१२-१३ च्या आसपास पाचवी-सहावीच्या पोरांच्या हातात टॅब. तेव्हा बहुतेकांना हे पुढचं पाऊल वाटलं. मला तसं पूर्ण वाटत नाही, आणि का ते सांगते.

आमच्या फोंड्याच्या क्लासला दहावी होऊन मुलं येतात. फोनवर त्यांची बोटं अशी सरसर चालतात की आपण बघत राहावं. पण प्रोजेक्ट कुठे सेव्ह केलास विचारलं की उत्तर येतं, 'वॉट्सॅपवर असेल टीचर'. फाईल म्हणजे काय, ती फोल्डरात ठेवायची, तिला शोधता येईल असं नाव द्यायचं, एका खिडकीत वाचत दुसऱ्या खिडकीत लिहायचं, बाजूला एक्सेल उघडं ठेवायचं, हे त्यांनी कधी केलेलंच नसतं कारण फोनने ते सगळं पोटात लपवून ठेवलंय. मुलं हुशार आहेत, महिन्याभरात शिकतात, पण शिकायला समोर मोठी स्क्रीन आणि खरा कीबोर्ड लागतोच. फोन आणि टॅब बघायला उत्तम आहेत, बनवायला बसलं की ते अपुरे पडतात. शिवाय तुमची मुलगी सायन्सला आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जेईई मेन परीक्षा आता कॉम्प्युटरवरच होते, स्क्रीनवर प्रश्न वाचून कच्चं काम कागदावर करायचं आणि माऊसने उत्तर द्यायचं, ही सवय घरात झालेली बरी.

तर माझं मत स्पष्ट आहे, आत्ता साधा डेस्कटॉप घ्या आणि लॅपटॉपचे पैसे दोन वर्षांनी कॉलेजच्या वेळेला ठेवा. तेव्हा ती इंजिनिअरिंगला जाते की आर्किटेक्चरला की फार्मसीला ते कळलेलं असेल, प्रत्येकाला लागणारं मशीन वेगळं, आज घेतलेला लॅपटॉप तोपर्यंत अर्धा म्हातारा होईल. नवाच पाहिजे असं नाही, ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप तपासून, साफ करून विकतात ते चांगले टिकतात, फक्त प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा म्हणजे विंडोज ११ चालेल, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारी चकती नसलेली वेगवान डिस्क, असू दे, रॅम (काम चालू असतानाची मेमरी) निदान ८ जीबी आणि वाढवायला एक स्लॉट रिकामा आहे का ते कॅबिनेट उघडून दाखवायला सांगा. दुकानात ठेवलेला नसला तरी मागवला की येतो. आणि तो हॉलमध्ये ठेवा, खोलीत नको. मुलीच्या आईला बिलं भरायला, धाकट्याला टायपिंगला, सगळ्या घराला तो वापरता येईल, फोनचं तसं होत नाही, फोन ज्याचा त्याचा.

मुलगी हॉस्टेलवर असती किंवा तुमच्या घरी टेबल ठेवायला खरंच जागा नसती तर मीच म्हटलं असतं लॅपटॉप घ्या.

प्रश्न (छापखाना चालवणारे एक गृहस्थ, म्हापसा): लग्नपत्रिका, नाटकांच्या आणि सप्ताहाच्या जाहिराती असं काम करतो. विंडोज ७ चा डेस्कटॉप, त्यावर पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी. मुलगा म्हणतो हे भंगारात घाला, चांगला लॅपटॉप घेऊया. पण जुनं सगळं काम त्यातच आहे. काय करू?

उत्तर: काका, भंगारात अजिबात घालू नका, निदान आत्ता तरी नको. मुलाचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे ते पुढे सांगते पण आधी तुमच्या मशीनचं दुखणं समजून घ्या.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७, ही २००१ ची. त्याला युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच ओळखली जातात ती आजची पद्धत, कळत नाही. तुम्ही श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जे टाईप केलंय ते आतून मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेत, म्हणून तीच फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की फॉन्ट नसला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मुलाने लॅपटॉप आणून त्यात फाईली कॉपी केल्या की नेमकं हेच होणार आणि समोर गिऱ्हाईक उभं असणार. दुसरं म्हणजे श्रीलिपीचं डोंगल, मागे लावलेलं असतं ते, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, ते जर जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टवालं असेल तर आजच्या कुठल्याच लॅपटॉपला ते भोकच नाही. आधी मागे वाकून बघा कुठलं आहे.

आता करायचं काय. पहिल्यांदा हार्डडिस्क. एवढी जुनी डिस्क कधी बसेल सांगता येत नाही आणि ती बसली तर सगळंच बसलं. आत्ता चालू आहे तोवर जवळच्या टेक्निशियनकडून अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका एसएसडीवर करून घ्या, क्लोन म्हणतात त्याला, मग विंडोज, पेजमेकर, फॉन्ट सगळं जागच्या जागी राहतं, परत घालावं लागत नाही. ती एसएसडी मशीनला लावा, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. मशीन पटकन सुरू होईल, पेजमेकर टचकन उघडेल, नव्या मशीनच्या मानाने खर्च फार थोडा. दुसरं, त्या मशीनचं इंटरनेट काढून टाका. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट बंद झालीत, मेल आणि वॉट्सॅप त्यावर उघडायचं नाही, गिऱ्हाइकांचे पेनड्राईव्ह लावायचे नाहीत. असं एकटं ठेवलं तर अजून वर्षानुवर्षं काम देईल.

आणि मुलाचं बरोबर ते इथे, नव्या कामासाठी नवीन मशीन घ्याच, फक्त लॅपटॉप नको, डेस्कटॉप. तुमचं अर्धं काम ए३ चं असतं. १४-१५ इंचांच्या स्क्रीनवर ए३ ची जाहिरात लावायची म्हणजे सारखं मोठं-छोटं करत बसायचं, खालच्या ओळीतलं नाव बघता बघता वरचा फोटो नजरेआड जातो. २४ किंवा २७ इंचांचा मॉनिटर टेबलावर असला की पान जवळजवळ खऱ्या मापात समोर दिसतं. इनडिझाईन किंवा युनिकोड चालणारं दुसरं सॉफ्टवेअर घाला, नवीन गिऱ्हाईक त्यावर सुरू करा, जुनं कोणी आलं की जुन्या मशीनवर. मोकळ्या वेळात जुन्या पत्रिकांची पीडीएफ काढत राहा. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो पण काका, प्रूफ वाचल्याशिवाय छापू नका, रफार आणि ऱ्य, ऱ्हसारखी जोडाक्षरं हमखास घसरतात आणि लग्नपत्रिकेत ते नेमकं व्याह्यांच्या आडनावात होतं.

प्रश्न (वाळपई): आमच्याकडे पावसात लाईट सारखी जाते, हवा दमट, एकदा वीज पडून शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर गेला. अशा ठिकाणी लॅपटॉपच बरा ना?

उत्तर: लाईटीपुरतं बघितलं तर हो, लॅपटॉपला बॅटरी आहे, दोन-चार तास निघतात. विजेच्या बिलातही फरक पडतो, डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॅट धरले आणि रोज ६ तास चालवला तर महिन्याला २१-२२ युनिट, लॅपटॉप ४० वॅट धरला तर ७ च्या आसपास. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच, ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, काम सेव्ह करून बंद करण्यापुरता. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक वेळा एक स्विच असतो, नॉर्मल आणि यूपीएस असं लिहिलेलं, तो यूपीएसवर ठेवा, नाहीतर लाईट गेल्याच्या क्षणी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि लोक मशीनला दोष देतात.

पण दमटपणा दोघांनाही सारखाच खातो, आणि डेस्कटॉपचं एक आहे की तो उघडता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये 'कॉम्प्युटर चालू होतो पण स्क्रीनवर काही येत नाही, नुसता बीप वाजतो' अशा तक्रारी आल्या की त्यातल्या कितीतरींत एवढंच झालेलं असतं की रॅमच्या सोनेरी पट्टीवर दमटीने थर आलेला असतो. वायर काढायची, रॅम काढायची, पट्टी साध्या खोडरबरने हलकी पुसायची, परत घट्ट बसवायची, झालं. आजकालच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हात घालायला जागाच नाही, आणि बिघाड झाला की पूर्ण बोर्ड बदला म्हणतात. एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) गेला, पंखा अडकला, कीबोर्ड गेला, डेस्कटॉपचं जे गेलं तेवढंच बदलतं आणि वाळपईतला पोरगापण बदलून देतो, पणजीला न्यावं लागत नाही. म्हणून दमट गावात मी डेस्कटॉपच्या बाजूची आहे. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उबेने ओल सुकते. मागच्या रिकाम्या खाचा बंद करा, पाली आणि झुरळं आत ऊब बघून शिरतात.

वीज पडून जातात त्या मशीनांचं म्हणाल तर नुसता पॉवरचा प्लग काढून भागत नाही. तांब्याच्या वायरचं इंटरनेट असेल तर वीज त्या वायरीतून राऊटरमध्ये आणि तिथून नेटवर्कच्या केबलने मदरबोर्डात येते. गडगडायला लागलं की पॉवर आणि नेटची केबल दोन्ही काढा. फायबर असेल तर फायबरची तार वीज आणत नाही पण राऊटरचा अडॅप्टर भिंतीत असतोच, तोही काढा. आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते.

प्रश्न (मडगाव): मी घरून काम करते, कंपनीचा लॅपटॉप आहे. दिवसभर मान आणि खांदे दुखतात. कंपनी डेस्कटॉप देत नाही. स्वतःचा घेऊ का?

उत्तर: नको ताई, घेऊ नका. लॅपटॉप डेस्कटॉपसारखा वापरा. लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, हात नीट ठेवले तर मान खाली जाते आणि मान सरळ ठेवली तर हात वर येतात, दोन्ही एकदम बरोबर होणं शक्यच नाही. एक मॉनिटर, एक साधा कीबोर्ड आणि माऊस घ्या, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणि अंतर हातभर. मॉनिटर आत्ता जमत नसेल तर लॅपटॉपच उंच ठेवा, खाली जाड पुस्तकं चालतात, पण मग कीबोर्ड-माऊस वेगळे लागतीलच. आणि लॅपटॉप कायम चार्जरला लागलेला राहणार तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते ती चालू करा, कायम शंभरवर राहिलेली बॅटरी लवकर दमते आणि कधी कधी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी वापर बंद करून दाखवून घ्या. एवढं करून आठ-पंधरा दिवसांत दुखणं कमी झालं नाही तर डॉक्टरकडे जा.

प्रश्न (काणकोण): होमस्टेच्या दोन खोल्या आहेत, बुकिंग, पैसे, गिऱ्हाइकांशी बोलणं सगळं फोनवरच चालतं. कॉम्प्युटर घ्यायलाच हवा का?

उत्तर: नाही. दोन खोल्यांना फोन पुरेसा आहे. हिशोबाची वही किंवा फोनवरची शीट नीट ठेवा आणि तिची नक्कल दुसरीकडे असू द्या, फोन पाण्यात पडला तर सीझनचं बुकिंग हातातून जाऊ नये. खोल्या वाढल्या की परत लिहा.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, पेडणे): मुलाला सायबरएजमध्ये मिळालेला जुना डेस्कटॉप माळ्यावर आहे, जाड काचेच्या मॉनिटरसकट. तो नातवाला शिकायला सुरू करून देता येईल का? आणि आमच्याकडे अजून एक आहे, २०१५ च्या सुमाराचा, विंडोज १० वाला, त्याचं काय?

उत्तर: बाई, पहिला नाही, दुसरा नक्की.

माळ्यावरच्या मशीनवर आजचा ब्राऊझर चालणार नाही, खर्च करू नका. पण टाकण्याआधी त्याची हार्डडिस्क काढून घ्या. त्या काळच्या डिस्कला रुंद पट्टीची वायर लागायची, आता त्याला यूएसबीत लावायचा अडॅप्टर मिळतो, टेक्निशियनकडे बहुधा असतोच. मुलाचे त्या वेळचे फोटो, तुमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, काय काय निघेल सांगता येत नाही. कॅबिनेट वर्षानुवर्षं बंद आहे तर सरळ वीज देऊन बघू नका, डिस्क बाहेर काढूनच वाचायला द्या.

दुसऱ्याचं बघा, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीची अपडेट बंद झाली आणि २०१५ चं मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून लोक चांगली चालणारी मशीनं फेकून द्यायला निघालेत याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांत बिघाड काहीच नाही. त्यात एसएसडी घाला, रॅम ४ असेल तर ८ करा आणि विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स मिंट नावाची दुसरी सिस्टीम घाला, ते फुकट आहे, दिसायला विंडोजसारखंच आहे, मराठी टायपिंग चालतं, ब्राऊझर आणि वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस आत येतं, अपडेट मिळत राहतात. नातू पाचवी-सहावीत असेल तर त्याला पुढची काही वर्षं पुरेल, प्रोग्रॅमिंग शिकायला स्क्रॅच चालेल, पायथन चालेल. घालून द्यायला कोणी मिळत नसेल तर जवळच्या कॉलेजमधल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना विचारा, ती हौसेने करतात. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून मगच, ते घालताना जुनं पुसलं जातं.

माळ्यावरचा जाड मॉनिटर फोडू किंवा उघडू नका, त्याच्या काचेत शिसं असतं आणि आतल्या भागात बंद असतानाही झटका बसू शकतो. भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी फोडून काच शेतात टाकतो. पंचायतीत विचारा ई-कचरा कुठल्या दिवशी घेतात, कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएसची जुनी बॅटरी एकदमच देऊन टाका.